चावीचं जुनं घड्याळ घेताय? आधी चाल पाहा, मग चमक! खरेदीपासून सर्व्हिसिंगपर्यंत सगळी माहिती

घरातली जुनी ट्रंक उघडली की लग्नातल्या शालूखाली किंवा सातबाऱ्याच्या पिशवीत एखादं घड्याळ सापडतंच. काच पिवळी पडलेली, पट्टा तुटलेला, काटे कुठल्या तरी दुपारी थांबलेले. आजोबांना लग्नात मिळालेलं, नाहीतर वडिलांना निवृत्तीच्या कार्यक्रमात दिलेलं. इतकी वर्षं कुणी विचारत नव्हतं. आता मात्र तरुण पोरं हीच घड्याळं शोधत फिरतायत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, इन्स्टाग्रामवर, तालुक्याच्या बाजारात "जुनं ओरिजिनल एचएमटी" म्हणून विक्री जोरात चालू आहे.

मागणी आली की फसवणूकही येते. वरून चकाचक आणि आत गंजलेलं घड्याळ गळ्यात पडतं. नाहीतर घरातलं चांगलं घड्याळ चुकीच्या हाती देऊन कायमचं बिघडतं. म्हणून पहिलं जुनं घड्याळ घेणाऱ्यांसाठी आणि घरातलं घड्याळ पुन्हा चालू करू पाहणाऱ्यांसाठी ही माहिती.

चावीचं आणि सेलचं, फरक कसा ओळखायचा?

हा लेख आहे सेल नसलेल्या, म्हणजे चावीच्या घड्याळांबद्दल. चावी फिरवली की आतली मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ती हळूहळू उलगडते आणि दातेरी चाकं फिरवते. ताकद एकदम सुटू नये म्हणून बॅलन्स व्हील नावाचं छोटं चाक पुढे-मागे झुलत राहतं. त्याला केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग असते. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ती याच भागाची.

ऑटोमॅटिक घड्याळही याच जातीचं. त्यात एक अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग आपोआप भरते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे सेकंद काटा. सेलच्या घड्याळात तो दर सेकंदाला एक उडी मारतो. चावीच्या घड्याळात बारीक बारीक पावलं टाकत सरकतो. विकणारा "जुनं चावीचं" म्हणतोय आणि काटा उड्या मारतोय, तर आत सेलचं मशीन बसवलेलं आहे असं समजा.

पहिलं घड्याळ एचएमटीचं का?

बाजारात जुनी स्विस घड्याळंही मिळतात. फाव्हर-ल्युबा, वेस्ट एंड, रोमर ही नावं आपल्याकडच्या जुन्या माणसांना माहीत आहेत. पण पहिल्या खरेदीला एचएमटी बरं, कारण तिचे सुटे भाग अजून सापडतात आणि तिचं मशीन जुन्या घड्याळजींच्या हाताखालून हजारदा गेलेलं आहे.

हिंदुस्थान मशीन टूल्स ही मूळची यंत्रं बनवणारी सरकारी कंपनी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये तिने बेंगळुरूत मनगटी घड्याळांचं काम सुरू केलं. 'जनता', 'पायलट', 'जवान', 'कोहिनूर', 'सोना' ही तिची गाजलेली चावीची मॉडेलं. 'कांचन' हे ऑटोमॅटिक तर लग्नात जावयाला देण्याचं मानाचं घड्याळ होतं. 'जनता'च्या काही डायलवर नाव देवनागरीत असतं, त्याला शौकीन लोक जास्त किंमत देतात.

पुढे सेलची घड्याळं आली, १९८४ मध्ये टायटन कंपनी उभी राहिली आणि चावीच्या घड्याळांची सद्दी संपत गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर या घड्याळांचं वेड आणखी वाढलं.

डायलवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असतं, त्यावरून गैरसमज फार. हे ज्वेल म्हणजे कारखान्यात बनवलेले कृत्रिम माणिक. चाकांच्या अक्षाची टोकं त्यात फिरतात म्हणून झीज कमी होते. सोनाराकडे त्याला काहीच किंमत नाही. "आत १७ हिरे आहेत" म्हणून कुणी भाव चढवत असेल तर हसून पुढे चला.

विकत घेण्याआधी घरात शोधा

आधी आपली ट्रंक, मग मामाची, मग आत्याची. घरातलं घड्याळ बंद असलं तरी त्याचा इतिहास आपल्याला माहीत असतो. ते कुणी वापरलं, कधी पाण्यात पडलं, कुणी उघडलं हे विचारता येतं. बाजारातल्या घड्याळाबद्दल हे कुणी सांगत नाही.

सापडलं की लगेच चावी पिळू नका. वर्षानुवर्षं पडून राहिल्याने आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं. हलवून चालू करायचा, उन्हात ठेवायचा, मागून खोबरेल तेल सोडायचा प्रयोग तर अजिबात नको. जसं आहे तसं रुमालात गुंडाळा आणि घड्याळजीकडे न्या.

हातात घेतल्यावर तपासायच्या ७ गोष्टी

१) आवाज. कानाला लावा. टिकटिक एकसारखी हवी. लंगडत चालल्यासारखी, मध्येच दबणारी नको. मग घड्याळ उपडं, उभं, आडवं धरून ऐका. एखाद्या बाजूला बंद पडत असेल तर आत झीज किंवा घाण आहे.

२) चावी. फिरवताना गुळगुळीत लागली पाहिजे. करकर, घसरणं किंवा फिरवतच राहावं लागणं ही वाईट लक्षणं. चावी बाहेर ओढून काटे फिरवा. काटे एकमेकांना किंवा डायलला घासता कामा नयेत.

३) डायल. मोबाईलच्या कॅमेऱ्यात झूम करून बघा. अक्षरं बारीक आणि स्वच्छ हवीत. जाड, फुगलेली, तिरकी अक्षरं किंवा मिनिटांच्या रेषा आकड्यांशी न जुळणं म्हणजे डायल नव्याने रंगवलंय.

४) काटे. तिन्ही काटे एकाच जातीचे हवेत. अंधारात चमकणारा लेप काट्यांवर पांढराशुभ्र आणि डायलवर पिवळा असेल तर एक काहीतरी बदललेलं आहे.

५) केस, म्हणजे धातूची डबी. बऱ्याच जुन्या एचएमटीची केस पितळेची, वर क्रोमचा मुलामा आणि मागचं झाकण स्टीलचं असं असतं. घामाने मुलामा उडून पितळ दिसतं. हे म्हातारपण आहे, खोट नाही. उलट पट्टा अडकवायचे कान साबणाच्या वडीसारखे गोल झालेले असतील तर ती केस पॉलिशवर घासून घासून खाल्लेली आहे.

६) मशीन. सगळ्यात महत्त्वाचं हेच. विकणाऱ्याला मागचं झाकण उघडायला सांगा. मशीनवर कंपनीचं नाव दिसलं पाहिजे. गंजाचे तांबूस डाग, खरवडलेल्या स्क्रूच्या खाचा, मशीन हलू नये म्हणून कोंबलेला कागद किंवा प्लॅस्टिक दिसलं तर घड्याळ परत द्या. उघडायलाच नकार दिला तरी परत द्या.

७) वेळ. मोबाईलच्या वेळेला लावा आणि शक्य असेल तर एक दिवस मागून घ्या. सर्व्हिसिंग झालेलं चांगलं जुनं घड्याळ दिवसाला अर्धा-एक मिनिट इकडे-तिकडे झालं तर चालतं. दहा-दहा मिनिटं जात असतील तर काम निघणार. टिकटिक ऐकून चाल मोजणारी 'टाइमग्राफर' प्रकारची अ‍ॅप मोबाईलवर मिळतात. शांत खोलीत घड्याळ माइकजवळ ठेवायचं. आकडा अगदी तंतोतंत येत नाही, पण अंदाज येतो.

रंगीत डायलचा मोह

गडद निळं, केशरी, मोरपंखी डायल. त्यावर मोठ्या अक्षरात नाव, कधी तिरंगा. फोटोत फार सुंदर दिसतं. यातली बरीचशी घड्याळं चार-पाच बंद घड्याळांचे भाग जुळवून, डायल पुन्हा रंगवून तयार केलेली असतात. जगभरचे शौकीन अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, म्हणजे आपली ख्याती आधीच पसरलेली आहे!

असं घड्याळ घेणं गुन्हा नाही. रंग आवडला, किंमत कमी आहे, मशीन चांगलं चालतंय, तर खुशाल घाला. पण 'ओरिजिनल'चे पैसे त्याला देऊ नका. उद्या विकायला गेलात तर रंगवलेल्या डायलला जाणकार भाव देत नाही. मूळ डायलवर डाग असले तरी तेच जास्त मोलाचं.

'कारखान्यातला न वापरलेला जुना माल' या शब्दांपासूनही सावध राहा. खरोखर न वापरलेलं घड्याळसुद्धा इतकी वर्षं पडून असतं, त्याचंही तेल सुकलेलंच असतं. सर्व्हिसिंग त्यालाही लागतं.

ऑनलाइन घेताना

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार इथे घड्याळ हातात घेऊन बघता येतं. मोबाईलवर ते होत नाही, म्हणून जास्त काळजी.

- फक्त फोटोवर जाऊ नका. घड्याळ चालू असलेला व्हिडिओ मागा. त्यात आजची तारीख लिहिलेला कागद आणि उघडलेलं मशीन दिसलं पाहिजे.
- डायल, मागचं झाकण, मशीन असे जवळून काढलेले वेगळे फोटो मागा.
- "डायल मूळ आहे का, काय बदललंय, परत घेणार का" हे फोनवर नको, मेसेजवर लिहून घ्या. तोच तुमचा पुरावा.
- "आत्ता टोकन पाठवा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" अशी घाई करणाऱ्याला पैसे पाठवू नका.
- पैसे मिळवण्यासाठी कधीच यूपीआय पिन टाकावा लागत नाही. "रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हटलं की समजा फसवणूक.
- पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा.

उलटी फसवणूकही असते. "तुमचं जुनं घड्याळ लाखात घेतो, आधी नोंदणी फी भरा" असे मेसेज येतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने असंच चालतं आणि त्याबद्दल रिझर्व्ह बँकेने लोकांना सावध केलेलं आहे. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा कुठला व्यवहार नसतो.

खरी किंमत कशी धरायची?

जुन्या घड्याळाला छापील भाव नाही. मॉडेल, अवस्था आणि घेणाऱ्याची हौस यावर तो ठरतो. म्हणून एक हिशेब ठेवा: घड्याळ + सर्व्हिसिंग + काच-पट्टा = खरी किंमत. समजा घड्याळ १,५०० रुपयांना मिळालं आणि त्यावर ८०० रुपयांचं काम निघालं, तर ते २,३०० रुपयांचं घड्याळ आहे. शेजारी कुणी नुकतंच सर्व्हिसिंग केलेलं घड्याळ २,००० ला देत असेल तर तेच स्वस्त. पण "सर्व्हिस केलंय" हा नुसता शब्द धरू नका. कुणी केलं, कधी केलं ते विचारा.

सर्व्हिसिंग का लागतं, त्यात काय करतात?

'जनता'सारख्या घड्याळाचं बॅलन्स व्हील तासाला १८,००० ठोके देतं. म्हणजे दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला साधारण पावणेसोळा कोटी. एवढं काम करणाऱ्या यंत्राला थेंबभर तेलावर जगायचं असतं. ते तेल सुकलं, त्यात धूळ मिसळली की त्याचा खरकागद होतो आणि अक्षांची टोकं झिजायला लागतात. ऑईल न बदलता ट्रॅक्टर चालवला तर इंजिनाचं जे होतं, तेच इथे होतं. घड्याळ चालू आहे म्हणजे ते ठीक आहे असं नाही. सुकं घड्याळ चालतं, पण स्वतःला खात चालतं.

पूर्ण सर्व्हिसिंगमध्ये मशीन केसमधून काढतात, प्रत्येक चाक सुटं करतात, साफ करणाऱ्या द्रावणात धुतात, ज्वेलची भोकं पुसतात, मुख्य स्प्रिंग तपासतात. मग पुन्हा जुळवताना ठरावीक जागी ठरावीक तेल सुईच्या टोकाने लावतात आणि शेवटी चाल जुळवतात. हे दहा मिनिटांचं काम नाही. "बसा, आत्ता देतो" म्हणून मागून स्प्रे मारला किंवा शिलाई मशीनचं तेल सोडलं तर घड्याळ दोन महिने पळेल, मग पहिल्यापेक्षा वाईट अडकेल. असं तेल पसरतं, हेअरस्प्रिंगला लागलं तर वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भलतंच पुढे धावतं.

नियमित वापर असेल तर दर चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग करावं.

घड्याळजीकडे देताना

इथे स्वतःची एक चूक सांगतो. वडिलांना निवृत्तीला मिळालेलं घड्याळ मी एका दुकानात दिलं आणि म्हणालो, "एकदम नवं करा." त्यांनी सांगितलं तसंच केलं. मागच्या झाकणावर वडिलांचं नाव आणि तारीख कोरलेली होती, ती पॉलिशमध्ये पुसली गेली. घड्याळ आज झकास चालतं. अक्षरं मात्र गेली ती गेलीच. दोष दुकानदाराचा कमी, माझ्या तोंडाचा जास्त. म्हणून घड्याळ देताना पुढची वाक्यं स्पष्ट बोला:

- "मशीन पूर्ण खोलून साफ करा. केसला पॉलिश नको, डायलला हात नको."
- "भाग बदलायचा असेल तर आधी फोन करा. काढलेला जुना भाग मला परत द्या."
- "एकूण किती होईल, किती दिवस लागतील, किती महिन्यांची खात्री?" हे पावतीवर लिहून घ्या. पावतीवर मॉडेल आणि झाकणावरचा नंबरही यायला हवा.
- देण्याआधी डायल, झाकण आणि जमलं तर मशीनचा फोटो काढा. भाग अदलाबदल होऊ नये यासाठी हा सगळ्यात स्वस्त उपाय.

चांगला घड्याळजी कसा ओळखायचा? डोळ्याला भिंग, टेबल स्वच्छ, सुटे भाग झाकून ठेवलेले. आणि तो आधी घड्याळ ऐकतो, मग पैसे सांगतो. तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडजवळ किंवा बाजारपेठेच्या बोळात असा एखादा जुना माणूस अजून बसलेला असतो. सेल आणि पट्टे बदलण्यावरच त्याचं दुकान चालतं. मशीन खोलायचं काम आलं की त्याचाही चेहरा खुलतो. त्याच्याशी फार घासाघीस करू नका. त्याच्यानंतर हे काम करणारं गावात कुणी नसेल.

रोज वापरताना

- रोज सकाळी ठरलेल्या वेळी चावी द्या. साधारण २५-३० फेरे. अडकल्यासारखं वाटलं की थांबा. एकदा भरलं की दीड दिवस तरी चालतं.
- पाण्यापासून दूर. जुनं घड्याळ विहिरीवर, पाऊस पडताना, फवारणीला घालू नका. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या, गंज थांबत नाही.
- कुदळ, टिकाव, लाकूड फोडणं, लांबवर ट्रॅक्टर चालवणं अशा वेळी काढून ठेवा.
- स्पीकर, मोटर आणि चुंबक असलेलं मोबाईल कव्हर यांच्याजवळ ठेवू नका. चुंबकत्व बसलं की घड्याळ एकाएकी पुढे पळू लागतं. घड्याळजी यंत्राने ते काही क्षणांत उतरवतो.
- तारखेचं घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान चावीने तारीख बदलू नका. त्या वेळी तारखेची चाकं गुंतलेली असतात, दाते तुटू शकतात.

नेहमीचे प्रश्न

*जास्त चावी दिली म्हणून घड्याळ बंद पडलं का?*
बहुतेक वेळा नाही. स्प्रिंग पूर्ण भरलेली आहे, पण चिकट तेलामुळे चाकं फिरत नाहीत. सर्व्हिसिंगने सुटतं.

*काचेवर ओरखडे आहेत, बदलू का?*
'जनता'सारख्या घड्याळांची काच प्लॅस्टिकची असते. मऊ कापडावर थोडी टूथपेस्ट घेऊन हलक्या हाताने घासली तर बारीक ओरखडे जातात. कडेने आत ओल जाऊ देऊ नका. तडा असेल तर मात्र बदला.

*अंधारात चमकणारं फार जुनं स्विस घड्याळ आहे, धोका असतो का?*
१९६० च्या आधीच्या काही घड्याळांत खरं रेडियम वापरलेलं असायचं. आता ते चमकत नसलं तरी किरणोत्सर्गी राहतं. असं घड्याळ घरी उघडू नका, लेप खरवडू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका.

*गुंतवणूक म्हणून घ्यावं का?*
पहिलं घड्याळ तरी नको. घालायला घ्या.

थोडक्यात, पैसे मशीनला द्या, रंगाला नाही. आणि घरातलं घड्याळ दुरुस्तीला देण्याआधी मागचं झाकण पुसून वाचा. तिथे कुणाचं नाव असेल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा.